भट्टी माफ करते, लेझर करत नाही

मागच्या महिन्यात एका शनिवारी रात्री मी एक खरमरीत मेल लिहिला. "तुमच्या मशीनचं सेटिंग चुकलंय, आमचा जॉब वाया गेलाय, पैसे मिळणार नाहीत" वगैरे वगैरे. अगदी मुद्दे पाडून, ऑफिसातली सवय! पाठवायचं बटण दाबणार तेवढ्यात मामाचा फोन आला. "सकाळी शॉपवर ये रे, मिस्त्री काहीतरी दाखवतो म्हणतायत." म्हणून मेल ड्राफ्टमध्येच राहिला. अजून तिथेच आहे. अधूनमधून उघडून वाचतो, डोकं ठिकाणावर राहायला बरा पडतो.

तर आजचा लेख त्या न पाठवलेल्या मेलबद्दल, आणि लेझरने पोलाद कडक करण्याबद्दल. दोन्हीचा संबंध आहे, धीर धरा.

आधी नव्याने आलेल्यांसाठी माझी ओळख. डिग्री मेकॅनिकलची, पोट जावावर. कॉलेजात मटेरियल सायन्सच्या पेपरला आयर्न-कार्बन डायग्राम आठ मार्कांना यायचा. पट्टीने रेघा मारायच्या, एका आडव्या रेघेवर ७२७ अंश लिहायचं, एका उभ्या रेघेखाली ०.८ टक्के लिहायचं, झालं. मला आठपैकी सात मिळाले होते. त्या रेघांचा अर्थ काय, हे कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. असो.

माझ्या मामाचं भोसरीला एमआयडीसीत छोटं शॉप आहे. दहा-बारा माणसं, दोन व्हीएमसी, एक सरफेस ग्राइंडर आणि एक मिस्त्री, ज्यांना सगळे नुसतं मिस्त्रीच म्हणतात. मामा मशीनच्या गाइड पट्ट्या बनवतो. मीटरभर लांब, चार बोटं रुंद. या पट्टीवरून मशीनचा एक भाग दिवसभर पुढेमागे घासत असतो, म्हणून वरची बाजू कडक हवी. पण अख्खी पट्टी कडक केली तर ती काचेसारखी होते, दणका बसला की तडा. म्हणजे वरून कडक आणि आतून चिवट. कोकणातल्या माणसाचं जे वर्णन करतात ना, साधारण तसं.

आजवर मामा हे काम बाहेरून केस हार्डनिंग करून घ्यायचा. कमी कार्बनचं साधं पोलाद घ्यायचं आणि भट्टीत नऊशे अंशांच्या वर, कार्बन देणाऱ्या वायूत कित्येक तास ठेवायचं. लोणच्यात मीठ मुरतं तसा पृष्ठभागातून कार्बन हळूहळू आत मुरतो. मग तेलात बुडवायचं. जुनी, भरवशाची पद्धत आहे. अडचण एकच. अख्खी पट्टी लाल होते, मग अख्खी एकदम गार होते, आणि वाकते. मग तिला प्रेसखाली घालून सरळ करा. त्यात एखादीला बारीक तडा जातो. उरलेल्या ग्राइंडिंगला. आता बाक आलेली पट्टी ग्राइंड केली की उंचवट्यावरचा कडक थर जास्त घासला जातो, म्हणजे कुठे थर जाड, कुठे नावापुरता. गेल्या वर्षी गिऱ्हाइकाने दोन लॉट परत पाठवले. मामाएवढ्या शॉपला दोन लॉट परत येणं म्हणजे गंमत नाही. त्या महिन्यात पगार करायला मामीने एफडी मोडली.

तेव्हा आस्मादिक पुढे सरसावले. "मामा, हे काय जुनाट धरून बसलायस? लेझर कर!"

लेझर पोलादाला काय करतो हे बघण्याआधी लोहार काय करतो ते बघू. गावाकडे विळ्याला, कोयत्याला "पाणी देतात". विळा लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा, चर्रर्र! शब्द छान आहे पण थोडा फसवा आहे. पोलाद काही पाणी पीत नाही. होतं असं, की पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात जरासा कार्बन. गार लोखंडाच्या अणूंच्या रचनेत कार्बनला जागाच नसते, जेमतेम ०.०२ टक्के मावतो. बाकीचा कार्बन वेगळे, कडक कार्बाइडचे पातळ थर करून राहतो. मऊ लोखंडाचा एक थर, कार्बाइडचा एक थर, अशा या रचनेला पर्लाइट म्हणतात. पोलाद ७२७ अंशांच्या वर नेलं की अणूंची मांडणीच बदलते. हे ऑस्टेनाइट. यात दोन टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळू शकतो. आता हे सावकाश गार केलं तर कार्बन शहाण्यासारखा बाहेर पडून पुन्हा थर करतो. पण एकदम गार केलं तर? गर्दीच्या लोकलमधून दादरला उतरता न आलेल्या माणसासारखा तो आतच अडकतो आणि अख्ख्या डब्याला ताण देतो. ही ताणलेली, अडकलेली रचना म्हणजे मार्टेन्साइट. आडोल्फ मार्टेन्स नावाच्या जर्मन धातुतज्ज्ञाचं नाव तिला दिलंय. विळ्याची धार टिकते ती याच्यामुळे.

म्हणजे तीन गोष्टी लागतात: पोटात पुरेसा कार्बन, पुरेशी उष्णता आणि झटकन गार होणं. पहिली नसेल तर उरलेल्या दोन कितीही करा, काही होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती याच वाक्यात आहे.

आता लेझर. १९६० साली थिओडोर मायमनने कॅलिफोर्नियात पहिला लेझर चालवला, माणकाच्या कांडीचा. त्यात पोलाद तापवण्याइतका सलग जोर नव्हता. कारखान्यात उपयोगी पडेल असा दमदार लेझर म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझर. तो १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. हे पटेल जन्माने बारामतीचे, आणि त्यांची इंजिनिअरिंगची पदवी पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची, १९५८ सालची. मला हे मेकॅनिकलची चार वर्षं शिकून कळलं नव्हतं. लेख लिहिताना कळलं.

१९७० च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमधल्या सॅगिनॉ इथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात पॉवर स्टिअरिंगच्या गिअरचं ओतीव लोखंडाचं घर लेझरने कडक करायला सुरुवात झाली. अख्खं घर नाही हं. आतल्या भिंतीवर जिथे झीज होते तिथे फक्त काही अरुंद पट्टे. बाकीचं जसंच्या तसं. त्यामुळे ते वाकलंच नाही.

यात खरी मजा कुठे आहे? यात पाणीही नाही आणि तेलही नाही. काही मिलिमीटर रुंदीचा झोत पोलादावरून सावकाश सरकतो, सेकंदाला चार-दहा मिलिमीटर. झोताखालचा पातळ थर सेकंदाभरात हजार अंशांच्या वर जातो. पण खालचं सगळं धूड गारच असतं. झोत पुढे सरकला की ते गार धूडच वरची उष्णता खेचून घेतं, इतक्या जोरात की तापमान सेकंदाला हजार अंशांच्या हिशेबाने पडतं. पोलाद स्वतःच स्वतःला पाणी देतं म्हणा ना! कडक होतो तो थर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर. शिवाय मार्टेन्साइट थोडंसं फुगतं, पण खालचं पोलाद त्याला फुगू देत नाही, त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो. दाबाखाली असलेल्या पृष्ठभागावर चीर सहजासहजी पसरत नाही. हा फायदा वरकड.

हे सगळं मी मामाला स्लाइड करून दाखवलं. एक्सेलही केलं. मशीनची किंमत, कर्जाचं व्याज, विजेचा खर्च, किती वर्षांत पैसे वसूल, सगळं. मामा जवळजवळ तयार झाला होता. बँकेत जाऊनही आला. फक्त मिस्त्री म्हणाले, "आधी दोन पट्ट्या बाहेरून करून बघू." मला ते जरा मागासलेपणाचं वाटलं होतं, कशाला खोटं बोला.

लेझरसाठी पोलाद बदलावं लागतं, एवढं मी वाचलं होतं. भट्टीत तासन् तास असतात म्हणून बाहेरून कार्बन मुरवता येतो. लेझरकडे जेमतेम सेकंद असतो, तेव्हा कार्बन आधीपासून पोटात हवा. मामाने ईएन एटचा माल आणला, म्हणजे साधारण ०.४ टक्के कार्बन. दोन पट्ट्या तयार केल्या आणि लेझर असलेल्या एका शॉपला पाठवल्या. परत आल्या तेव्हा एकीचा कडकपणा ५६ रॉकवेल, आणि दुसरीचा कसाबसा तीस. एकच मशीन, एकच दिवस, एकच सेटिंग. मी ठरवूनच टाकलं की ऑपरेटरने घोळ घातलाय. आणि मेल लिहायला बसलो.

रविवारी सकाळी शॉपवर गेलो. मिस्त्रींनी दोन्ही पट्ट्या शिकंज्यात लावल्या, हँड ग्राइंडर घेतला आणि अर्धवट अंधार करायला शटर खाली ओढलं. पहिल्या पट्टीला ग्राइंडर टेकवला. ठिणग्या उडाल्या आणि टोकाला फुटल्या, फुलबाजीसारख्या. मग दुसरीला टेकवला. ठिणग्या लांब, सरळ, टोकाला क्वचित एखादी फुटलेली.

मिस्त्री म्हणाले, "भाचेबुवा, हा आपला जुना माल आहे."

सोमवारी लॅबमध्ये तपासलं. कार्बन ०.१८ टक्के. झालं असं होतं, की रॅकवर दोन्ही माल शेजारी शेजारी. दोन्ही काळे, दोन्ही एकाच मापाचे. ओळखायला बारच्या टोकाला रंगाचा पट्टा असतो, पण करवतीवर नेमकं तेच टोक आधी कापलं गेलं. लेझरवाल्याचं काहीही चुकलं नव्हतं. चूक आमच्या रॅकवर होती.

आता मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट सांगतो. हीच गफलत जुन्या पद्धतीत झाली असती तर? दोन्ही पट्ट्या भट्टीत गेल्या असत्या, दोघींच्या पृष्ठभागात कार्बन मुरला असता, दोघी बाहेरून कडक होऊन आल्या असत्या. वरून रॉकवेल मारणाऱ्याला फरक कळलाच नसता. कोण जाणे, गेल्या दहा वर्षांत अशा किती पट्ट्यांची अदलाबदल झाली असेल! भट्टीने सांभाळून घेतलं. लेझरने पहिल्याच दिवशी चारचौघांत सांगितलं.

आणि हे फक्त माल बदलण्यापुरतं नाही. ज्या लेझरवाल्याला मी तो मेल पाठवणार होतो, त्यालाच मग फोन केला (आवाज अर्थातच खाली होता). त्याने अजून एक गोष्ट सांगितली. म्हणाला, "पोलाद बरोबर असलं तरी आधीची रचना बघा." पोलाद नरम करून आणलेलं असेल तर त्याचे दाणे मोठे असतात, म्हणजे पर्लाइटची एक वसाहत इथे आणि मऊ लोखंडाचा मोठा दाणा तिथे. भट्टीत अर्धा-पाऊण तास मिळतो, त्यात कार्बन चालत चालत सगळीकडे पोचतो. लेझरखाली सेकंद मिळतो. कार्बन निघतो, पोचत नाही, आणि तोवर सगळं गार होऊन जातं. मग एक ठिपका कडक, शेजारचा नरम. म्हणून माल आधी हार्डन करून टेम्पर करून घ्यायचा, म्हणजे रचना बारीक होते आणि कार्बनला लांब जावं लागत नाही.

तिसरी गोष्ट कडेची. पट्टीच्या मध्यावर उष्णता तिन्हीकडे पळून जाते. अगदी कडेला तिला पळायला जागा नसते, तीच पॉवर ठेवली तर कड वितळते. पातळ जॉब असेल तर गार करणारं धूडच नाही, मग पाणी कोण देणार? आणि चौथी गोष्ट: रुंद पृष्ठभागावर झोताचे पट्टे शेजारी शेजारी मारले, तर दुसऱ्या पट्ट्याच्या उष्णतेने पहिल्याची कड पुन्हा नरम पडते. म्हणजे सगळीकडे कडक हवं असेल तर लेझर हे उत्तरच नव्हे. कुठे कडक हवं आणि कुठे नको, हे आधी कोणाला तरी माहीत पाहिजे.

माझ्या एक्सेलमध्ये या चारपैकी एकाही गोष्टीचा कॉलम नव्हता.

तर माझं मत असं झालंय. आपण समजतो की मशीन जितकं आधुनिक, तितकं माणसाला कमी कळलं तरी चालतं. आयटीत तर हा आपला धर्मच आहे. पण लेझरच्या बाबतीत नेमकं उलट आहे. सावकाश चालणाऱ्या पद्धतीत वेळ भरपूर असतो, आणि तो वेळ आपलं अज्ञान झाकत असतो. वेगवान पद्धत तो वेळ काढून घेते. मग आधी जे माहीत नसलं तरी भागत होतं, ते माहीत असावंच लागतं.

लेझर नको असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. दुसऱ्या खेपेला आम्ही तपासलेला, हार्डन-टेम्पर केलेला माल दिला, झीज होते तिथे फक्त दोन पट्टे मारून घेतले, आणि कडकपणा ५७ आला. बाक आलाच, कारण एकाच बाजूला कडक केलं की पट्टी थोडी ओढली जातेच. पण पूर्वीच्या मानाने इतका थोडा की प्रेसखाली घालावीच लागली नाही, ग्राइंडरवर हलका हात मारून काम झालं. पहिला छोटा लॉट गिऱ्हाइकाकडे गेलाय. अजून परत आलेला नाही. मामी रोज विचारते.

पण मशीनसाठी कर्ज मामाने काढू नये असं आता मी म्हणतो. ज्याने आग्रह धरला तोच! त्याआधी त्याने तीन गोष्टी कराव्यात. एक, आलेला प्रत्येक बार तपासून घ्यावा, आणि कापल्यावर उरलेल्या तुकड्यावर रंग पुन्हा मारावा. खर्च: एक डबा रंग. दोन, नमुना कापून, पॉलिश करून बघायला एक साधा मायक्रोस्कोप घ्यावा. नुसतं वरून रॉकवेल मारून थर किती खोल आहे ते कळत नाही. तीन, या कामाला एक शिकलेलं पोरगं ठेवावं, आणि ते मिस्त्रींच्या हाताखाली ठेवावं. लेझरचं काम तोवर बाहेरून करून घ्यावं. "म्हणजे कायम दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं का?" असं मामाने विचारलं. नाही. ज्या दिवशी मशीनला रोज पुरेल एवढं काम असेल आणि जॉब परत आला तर कारण आपल्याला स्वतःला सांगता येईल, त्या दिवशी घ्यावं.

आणि ते शिकलेलं पोरगं कुठून आणायचं, हा खरा प्रश्न आहे. आपल्या देशात या विषयातलं ज्ञान नाही असं नाही. हैदराबादला एआरसीआयमध्ये लेझरने धातूंवर काम करणारं स्वतंत्र केंद्र आहे, इंदूरला आरआरकॅट आहे. खालच्या टोकाला ठिणगी बघून कार्बन ओळखणारे मिस्त्रीही आहेत. मधली जागा मोकळी आहे. त्या जागेवर माझ्यासारखे असायला हवे होते, पण आम्ही आठ मार्कांचा डायग्राम काढला आणि हिंजवडीला गेलो. मी कोणाला दोष देत नाही. कॅम्पसला आलेल्या कोअर कंपनीचा पगार आणि सॉफ्टवेअरचा पगार मी शेजारी शेजारी बघितलेत, आणि घरच्या कर्जाचा हप्ताही. पण पगाराचं कारण खरं असलं तरी, तो डायग्राम न समजता सात मार्क मिळतात हे चुकीचंच आहे. पेपर काढणाऱ्यांनी एकदा तरी विचारावं: दोन पट्ट्या, एक ५६, एक ३०, काय झालं असेल सांगा. पट्टी-पेन्सिल बाजूला ठेवून.

त्या रविवारी निघताना मिस्त्रींनी मला थांबवलं. म्हणाले, "ती तुमची कॉलेजातली आकृती असते ना, ती जरा समजावून सांगा. मी ऐकलंय नुसतं." मी जॉब कार्डाच्या मागे रेघा तर मारल्या, पण दोन मिनिटांत अडकलो. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो. आठवडाभर रोज रात्री जुनं पुस्तक काढून वाचलं. पुढच्या रविवारी चहा घेत घेत सांगितलं. ७२७ ची रेघ दाखवली, तिच्यावरचा ऑस्टेनाइटचा भाग दाखवला. मिस्त्रींनी त्या भागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे ह्याच्या वर गेलं की पिकल्या चेरीचा रंग येतो, तोच ना हा?"

तोच. माझ्याकडे आकडा होता, त्यांच्याकडे रंग होता. तीस वर्षं एकाच गोष्टीबद्दल.

पुढच्या रविवारी मायक्रोस्कोप बघायला जायचंय. एक्सेल मी करणार आहे, पण कॉलम कुठले घालायचे ते मिस्त्री सांगणार आहेत.